ठकूआत्यांची सरमिसळ

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर आले. पहिल्याच पेरणीला ठकूआत्यांना पाहिलं. पदराला चार गाठी, प्रत्येक गाठीत वेगळं बी. पेरणीच्या पाभरीमागे चालताना त्या मध्येच एखादी गाठ सोडत. बाजरीत तूर, तुरीशेजारी हुलगा म्हणजे कुळीथ, कुठं मटकी. मला वाटलं, म्हातारीचा गोंधळ होतोय. हळूच म्हणाले, "आत्याबाई, बी मिसळतंय."

त्या खळखळून हसल्या. "मिसळू दे की. पाऊस काय मला इचारून येतो व्हय?"

माझ्या सासऱ्यांची ही बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा माहेरी परतल्या आणि वाट्याला आलेली दोन एकर जिराईत स्वतः कसू लागल्या. त्यांनी बांधावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडची गुरं माना वर करत. आमचे हे त्यांच्या शेताला 'भेळ' म्हणायचे. आत्याही कमी नव्हत्या. "तुजं रान म्हंजे एकाच भाजीची पंगत, बाळू. ती खारट झाली की समदे उपाशी!"

त्याच वर्षी बाजरी फुलोऱ्यात असताना झड लागली. फुलोरा धुऊन गेला. कणसं उंच, देखणी, पण चोळली तर हातात नुसता भुसा. आत्यांचीही बाजरी गेली. मात्र त्याच पावसावर त्यांचा हुलगा माजला, तूर तरारली. आमच्या घरात वर्षाची भाकरी नव्हती, आणि मला दिवस गेलेले. ह्यांनी ऊसतोडीला जायचं ठरवलं.

टोळीचा ट्रक यायच्या आदल्या दिवशी आत्या हुलग्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन दारात हजर.

"कुटं निघालास? रानात ओल हाय. ज्वारी पेर."

"ज्वारी शिमग्याला येनार. तवर खायचं काय?"

"शेंगोळी."

"रोज?"

"रोज. आन् तोंड वाकडं करायचं न्हाई."

मग आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी पोटुशी हाय. तिला उसाच्या फडावर नेतोस, का हितं टाकून जातोस?"

ह्यांनी बांधलेली वळकटी सोडली.

तो हिवाळा आम्ही हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्यांवर काढला. कधी पातळ, कधी घट्ट, कधी लसूण जास्त. शेंगोळी ती शेंगोळीच. ज्वारी खळ्यावर आली, त्याच सुमारास लेक जन्मली. "आवाज ऐका," आत्या म्हणाल्या, "हुलग्याचा जोर हाय!"

बदल्यात त्यांनी एकच मागितलं: पुढच्या साली बाजरीत तुरीची तासं, म्हणजे ओळी, सोडायची. ह्यांनी कुरकुरत सोडली. आणि नेमका त्या साली पाऊस मापात पडला. नुसती बाजरी केलेल्या शेजाऱ्याची रास आमच्याहून चांगलीच उंच. हे तणतणत आत्यांच्या खळ्यावर गेले. लेकीला कडेवर घेऊन मीही मागे.

"बघ आत्या! तुजं ऐकलं आन् बाजरी कमी आली."

आत्या बाजरी उपणत होत्या. "येनारच. चांगल्या सालाला माजी बाजरी बी दर खेपंला कमीच येती."

"मग कशापायी करतीस?"

"चांगल्या सालाची काळजी कशाला करू? ते आपलं आपन निभावतं." त्यांनी सूप ह्यांच्या हातात दिलं. "भांडायला आलाच हायस, तर वारं हाय तवर हात लाव."

संध्याकाळपर्यंत दोघं भुसकटानं माखून भांडत राहिली. आत्या पुढे बरीच वर्षं जगल्या आणि प्रत्येक चांगल्या सालाला हे भांडण झालं. वाईट सालाला मात्र हे एकदाही भांडायला गेले नाहीत.