घरच्या लॉरीचं लायसन

थप्पड देशमुखानं मारली. पोलिसानं न्हाई.

जाफराबादच्या नाक्यावर, भर दुपारी. लॉरीत देशमुखाचं वऱ्हाड बसलेलं. बाया, कलवऱ्या, वाजंत्री. सगळ्यांच्या समोर. माझा पटका धुळीत पडला. उचलायला वाकलो तर लॉरीतून कुणीतरी हसलं.

मी देशमुखाची लॉरी चालवायचो. लढाई संपल्यावर लष्करातली जुनी लॉरी त्यानं घेतल्ती. केदारखेड्याचा त्याचा कापूस जालन्याच्या जिनिंगला न्यायचा, लगीनसराईत त्याचेच पाव्हणे न्यायचे. भाडं कुणाचं न्हाई, सगळं घरचं. पहिल्या ड्रायव्हरच्या हाताखाली मी शिकल्तो. तो सोडून गेला, मंग चाक माझ्या हाती आलं. मी महारवाड्यातला. म्हणून देशमुखानं सीटची गादी काढून ठिवली अन्‌ मला गोणपाटावर बसवलं. गादी बाटती म्हणे. चाक बाटत न्हवतं.

लायसनचं मी त्याला इचारल्तं. लई बार.

"मालक, मला लायसन काढू द्या."

"घरच्या गाडीला लायसन कशाला? आपण काय भाडं मारून राह्यलो का?"

मला खरं वाटलं. गाडी त्याची, बोलणं त्याचं. आपल्याला कोण सांगणार दुसरं?

त्या दिवशी नाक्यावर पोलिसांच्या जमादारानं हात केला. लायसन मागितलं. देशमुख पुढं आपल्या मोटारीत होता, तो माघारी आला. हसत म्हणला, "खानगी गाडी हाय, जमादारसाहेब. घरचं लगीन हाय."

जमादार म्हणला, "खानगी हो या भाडे की, लॉरी तो लॉरी है. चलानेवाले को उसका लायसन लगता."

देशमुखाचं हसू गेलं. माझ्याकडं वळला.

"हरामखोरा, लायसन हाय म्हणून सांगितलंस मला!"

अन्‌ थप्पड.

 बोलून कोण ऐकणार होतं? गावातून दुसरा ड्रायव्हर आणला, वऱ्हाड गेलं. मी कोठडीत. संध्याकाळी जमादारानं पाणी दिलं. म्हणला, "तेरे मालक के पास खुद की मोटार का लायसन है. उसको सब मालूम."

तवा समजलं. लायसन असतं तर मी जालन्यात कुठल्याबी जिनिंगमधी लागलो असतो. बिनलायसनचा ड्रायव्हर कुठं जाणार? त्याच्याच दारात राहणार. त्यानं नुसतं लायसन टाळलं न्हाई. मला बांधून ठिवलं.

सुटलो तो देशमुखाकडं गेलो न्हाई. घरी आलो. बायकोला त्यानं आदीच शेतावर येऊ नको म्हणून सांगितल्तं.

"आता?" ती म्हणली.

"लायसन काढतो."

ती भाकरी थापीत राह्यली.

जालन्याला जिनिंगमधी हमाली धरली. तिथला ड्रायव्हर रहीमभाई. त्यानं आपल्या लॉरीवर माझा हात चालू ठिवला, परीक्षेलाबी तीच लॉरी दिली. लायसनच्या कचेरीतल्या साहेबानं गाडी चढावर थांबवायला लावली, उलटी घ्यायला लावली. पास झालो. आनंद झाला असंल. आठवत न्हाई. पाय लई दुखत होते, एवढं आठवतं.

कापूस निघाला तसं देशमुखाचं बोलावणं आलं. लॉरी उभीच होती. तो ओसरीवर, मी अंगणाच्या कडेला.

"झालं-गेलं सोड. उद्यापसून ये. लायसन मातर माझ्याकडं आणून दे. तुझ्या झोपडीत हारपंल."

"लायसन माझ्याकडंच ऱ्हाईल. अन्‌ तुमची लॉरी मी चालवत न्हाई."

"खाशील काय?"

"हमाली करून राह्यलो."

"माजला का रं?"

 जोहार घातला न्हाई. पाठ फिरवली अन्‌ चालायला लागलो. पाठीत दगड येईल असं वाटत होतं. आला न्हाई. आला असता तरी थांबलो नसतो.

पुढं जिनिंगची लॉरी मिळाली, पर लई दिसांनी. तवर बायकोनं लोकाच्या गोवऱ्या थापल्या. थकलोय मी. या रस्त्यांनी हाडं खिळखिळी केली. तरी वस्तीतला कुणी येऊन म्हणला, मालक म्हणतो घरच्या गाडीला काही लागत न्हाई, तर मी उठतो. त्याला दंडाला धरून कचेरीत नेतो. मालकाच्या नुसत्या शब्दावर आमच्यातला माणूस आता चाकावर बसणार न्हाई. मी बसू देणार न्हाई.