मावशीच्या घराचा पंचनामा

कोयनानगरकडच्या माणसांना जमीन हलण्याचं फारसं अप्रूप नसतं. फळीवरची भांडी वाजली की बायका चूल सोडून अंगणात येतात, जरा थांबतात आणि पुन्हा भाकरी थापायला बसतात. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका हिवाळ्यात सकाळी जो धक्का बसला, त्यानंतर माणसं दिवसभर घरात गेली नाहीत. मी त्या भागात तलाठी होतो. तहसील कचेरीतून निरोप आला: चार दिवसांत सगळ्या घरांचे पंचनामे झाले पाहिजेत.

माझ्या ताब्यातल्या गावांपैकी एक गाव माझ्या मावशीचं होतं. आई गेल्यावर तिनंच मला दोन वर्षं सांभाळलं होतं. तिचे यजमान धरणाच्या कामावर मजूर होते, ते वारल्यावर ती एकटीच राहायची. तिची मुलगी लग्न होऊन सांगलीला गेली होती. बौद्धवस्तीच्या टोकाला, उतारावर, दगडमातीचं तिचं कौलारू घर होतं.

पंचनाम्याच्या फॉर्मवर दोन प्रकार होते. घर पडलं असेल तर ‘पूर्णतः’, तडे गेले असतील तर ‘अंशतः’. पूर्णतःवाल्यांना शेडसाठी पत्रे मिळणार होते. अंशतःवाल्यांची घरं नंतर इंजिनिअर येऊन बघणार होते. अख्ख्या तालुक्याला इंजिनिअर एकच होते.

मी मावशीच्या दारात पोचलो तेव्हा पंच म्हणून आलेली दोन माणसं आणि वरच्या आळीतले चारपाच जण बरोबर होते. मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली होती. तड्यात हात जात होता. भिंत आतल्या बाजूला झुकलेली कुणालाही दिसली असती. पण ती उभी होती.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “भाऊसायबाची मावशी हाय. तिचं समदं पडलं म्हणूनच लिवणार.”

कोण बोललं ते मी वळून पाहिलं नाही. रहिमतपूरजवळच्या आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेला मी पहिलाच. आपल्या माणसांचंच बघतो, असं कुणी म्हणू नये याची मला कायम धास्ती असायची. मी ‘अंशतः’ असं लिहिलं. नियमाने ते बरोबरच होतं. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. ‘राहण्यास धोकादायक’ एवढे दोन शब्द तिथे लिहिता आले असते, आणि मग ते घर इंजिनिअरच्या यादीत वर गेलं असतं. आदल्या दिवशी तीन घरांना मी ते लिहिलं होतं. मावशीच्या घराला तो रकाना मी कोरा ठेवला.

निघताना तिनं मला चहासाठी थांबवलं. मी थांबलो नाही. इंजिनिअर साहेब येईपर्यंत गोठ्यात राहा, एवढं मात्र सांगितलं. ती हसून म्हणाली, की म्हशीला सोबत होईल. मग सगळ्यांच्या देखत तिनं माझी कॉलर नीट केली.

उन्हाळाभर ती गोठ्यात राहिली. इंजिनिअर आले नाहीत. मी दोनदा तहसीलला विचारलं. फाईल वर गेलीय, असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मावशीचं घर म्हणून मागं लागलाय, असं कुणाला वाटेल याची मला तेव्हाही लाज वाटत होती.

जूनमध्ये गोठा गळायला लागला. तिनं तडा शेणामातीनं लिंपला आणि ती घरात राहायला गेली. मला हे ठाऊक होतं. एका बाजारच्या दिवशी ती मला तसं म्हणाली होती, आणि मी मान हलवली होती.

श्रावणात पाऊस आठ दिवस उघडला नाही. नवव्या दिवशी दुपारी ती भिंत आत कोसळली. मावशी जेवायला बसली होती. वस्तीतल्या माणसांनी हातानं माती उपसली. कोतवाल मला बोलवायला आला तेव्हा मी शेजारच्या गावात सात-बारा लिहीत होतो. मी पोचलो तेव्हा तिला विहारात आणून ठेवलं होतं. तिच्या केसांत ओली माती होती आणि बायका ती पाण्यानं धूत होत्या.

तहसीलदार साहेब त्याच संध्याकाळी आले. पंचनामा दुसऱ्या तलाठ्याला करायला सांगतो, म्हणाले. त्यानं ‘पूर्णतः’ असं लिहिलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो.

मावशीची मुलगी दुसऱ्या दिवशी सांगलीहून आली. सगळं आटोपल्यावर पडक्या घरापाशी बसून ती माझ्याशी बोलली.

“मी मेच्या सुटीत न्ह्यायला आले हुते, दादा. लय इनवण्या केल्या. आय म्हणली, माझ्या पोरानं सोता बघून लिवलंय. काय भ्या असतं तर त्यानं मला ऱ्हाऊ दिलं असतं व्हय?”

मला गप्प बसता आलं असतं. पण मी तिला त्या कोऱ्या रकान्याचं सांगितलं. दुसऱ्या तीन घरांना काय लिहिलं होतं तेही सांगितलं.

“मग आयच्या घराला का न्हाई लिवलं?” तिनं विचारलं.

लोक काय म्हणतील म्हणून, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. ती उठली, चिखलातून आईचं एक पातेलं काढलं, ओढ्यावर नेऊन घासलं आणि पिशवीत घातलं.

पुढे मी बदली मागून कोरेगावला आलो. अंशतः नोंदलेल्या घरांची तपासणी दिवाळीनंतर सुरू झाली, असं कानावर आलं. कुणाला शिक्षा झाली नाही. मलाही नाही. कागदावर कुणाचीच चूक नव्हती.

मावशीची मुलगी अजून भेटते. लग्नकार्यात आली की माझ्या बायकोजवळ बसते, मुलांची चौकशी करते. माझ्याशी वाकडं बोलत नाही. पण मला दादा म्हणणं तिनं सोडलं आहे. मला हाक मारायची वेळच येऊ नये, अशा बेतानं ती बोलते.