पार्वताबाई पहिल्याच पानावर मेल्या

अकोल्याच्या जुन्या शहरातले पुंजाराम एसटीच्या कंडक्टरकीतून रिटायर झाले अन् त्यांच्या डोक्यात कादंबरीचा किडा शिरला. जन्मभर गाडीत नाना तऱ्हेची माणसं पाहिलेली, मग पात्रांना काय तोटा? कथानकही त्यांनी झकास जुळवलं होतं. नायकाची बायको मरते, तो दुःखात बुडतो अन् अमरावतीची एक शिक्षिका त्याला त्यातून बाहेर काढते.

नायक घडवताना त्यांनी काही कसूर ठेवली नाही. नाव राजवर्धन, अंगापिंडानं धिप्पाड, डोकं भरून केस. पुंजारामांच्या टकलाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बायकोवर मात्र मेहनतच घेतली नाही. चार ओळींत मरायचीच आहे, तिला कशाला नवी घडवायची, म्हणून घरातलीच उचलून ठेवली. नाव पार्वता, गुडघे दुखतात, पोह्यात शेंगदाणे जास्त टाकते. आता अशा माणसाला काय म्हणावं!

एका दुपारी ओसरीवर ते आपल्या मित्राला, डोमाजींना, पहिलं प्रकरण वाचून दाखवत होते. पार्वताबाई चहा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या, अन् स्वतःचं मरण शेवटपर्यंत ऐकलं. डोमाजींना एकदम घरचं काम आठवलं. चहा तसाच टाकून ते सटकले.

त्या दिवसापासून पार्वताबाईंनी अबोला धरला. जेवायला वाढायच्या, पण नवऱ्याच्या तोंडाकडे पाहायच्या नाहीत. पुंजारामांची भंबेरी उडाली. ह्या बाईनं आजवर भांडणं रग्गड केली होती, गप्प कधी बसली नव्हती. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन ते गयावया करू लागले, की नाव बदलतो, पाहिजे तर जिवंत करतो.

"मेली त मेली," भाकर थापता थापता त्या म्हणाल्या. "पण तेरवी बी नाई केली त्यानं. अन् दुसऱ्या पानावर मास्तरीणबाईसंगं चहा पिऊन राह्यला. रडला काहून नाई तो?"

पुंजारामांना गोष्ट पुढं न्यायची घाई होती, दुसरं काय.

मग ते तेरवी लिहायला बसले. पंगत, पाहुणे, रुसवेफुगवे, सगळं फर्मास उतरलं. पण पाहुणे गेले, राजवर्धन घरात एकटा उरला अन् तिथंच गाडी अडली. सकाळी उठून त्यानं चहा कोणाला मागावा? तंटा कोणाशी करावा? पुंजाराम दिवस दिवस हातात पेन धरून बसून राहायचे. शिक्षिका बिचारी अमरावतीत ताटकळली. पुंजारामांना जेवणही जाईना तेव्हा पार्वताबाईंनाच राहवलं नाही. समोर येऊन बसल्या, अन् बस झालं हे तोंड पाडणं, आणा त्या बाईले एकदाची अन् लिहा पुढं, असं त्यांनी फर्मावलं.

पुंजारामांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"काय लिहू?" ते म्हणाले. "तू मेल्यापासून मले काईच सुचून नाई राह्यलं."