देवळाचे दोन खांब
५ मे. जर्मनीत बॉन शहरातल्या आमच्या घराचं केलर, म्हणजे तळघर, आवरताना माझे शिडाच्या बोटीवरचे हातमोजे सापडले, समुद्राच्या मिठाने अजून कडक. काही वर्षांपूर्वी इथल्या हौशी क्लबबरोबर आम्ही नवराबायको ग्रीसच्या किनाऱ्यावर शर्यतीला गेलो होतो. आमची बोट दर वर्षी शेवटची यायची. सत्तरीच्या कप्तानबाईंची ती अखेरची शर्यत होती, आणि त्यांना एकदा तरी कुणाला मागे टाकायचं होतं. माझं काम सोपं होतं. टेकडीवरच्या पुरातन देवळाचे कडेचे दोन खांब एकामागे एक आले की पाण्याखालचा खडक मागे पडतो. तेव्हा मी ओरडायचं आणि त्यांनी बोट वळवायची. खांब जुळले, आणि माझ्या मनात आलं, देऊळ बांधणाऱ्यांनाही ही खूण ठाऊक असेल का? “अगं, ओरड की! दर्शनाला आलीस का?” नवरा खेकसला. तोवर आमच्या मागे असलेली एकमेव बोट आतल्या बाजूने निघून गेली. आम्ही पुन्हा शेवटचे. मी माफी मागितली. “आल्झो,” म्हणजे जर्मनमध्ये ‘तर मग’, “एवढं काय बघत होतीस?” कप्तानबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वळून देवळाकडे पाहिलं. “वीस वर्षं इथूनच वळतेय मी. हे कधी मनात आलं नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी टेकडी चढलो, त्या दोन खांबांच्या रेषेत उभ्या राहिलो आणि खाली पाण्यात तो खडक शोधू लागलो.