आधी बाळ, मग टाका

लोकरआक्कांना मी भावात कधीच हरवू शकले नाही, कारण त्यांनी माझ्याशी भाव कधी केलाच नाही. इचलकरंजीचा कापडवाला माझ्यापुढे हात जोडतो. लुधियानाच्या स्वेटरांचा एजंट माझ्या दुकानाची पायरी चढण्याआधी शेजारच्या टपरीवर चहा घेऊन धीर गोळा करतो, असं माझ्याच दुकानातल्या मुली सांगतात. आणि मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत भिंतीला टेकून बसणारी ही बाई, मांडीवर लोकरीचा गुंडा आणि हातात क्रोशाची सुई घेऊन, माझ्याकडे मान वर करूनही न बघता विचारायची, "बाळ आलं का? न्हाय न्हवं? मग टाका न्हाय."

हा त्यांचा नियम. जन्माला न आलेल्या बाळासाठी काहीही विणायचं नाही. टोपडं नाही, मोजे नाहीत, विणकामाची पहिली साखळीसुद्धा घालायची नाही. आपल्याकडे बाळ यायच्या आधी पाळणा आणत नाहीत, कपडे घेत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको. माझा बाळांच्या कपड्यांचा सगळा धंदाच त्या रिवाजावर चालतो. आधी कोणी काही घेत नाही, म्हणून तर बाळ झाल्यावर माणसं धावत येतात. पण धावत येणाऱ्यांना माल तयार लागतो. घरच्यांनी रिवाज पाळावा, दुकानदारानं पाळून कसं चालेल? हे मी आक्कांना निदान शंभरदा समजावलं असेल. त्या ऐकून घ्यायच्या, सुईवर दोरा घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुझं बरोबर हाय. पर मी न्हाय इणत."

माझी त्यांची गाठ पडली ती एका टोपड्यामुळे. मी वारणानगरच्या कॉलनीत पिशवी घेऊन दारोदार झबली विकत मोठी झालेली बाई. पुढे महाद्वार रोडच्या आतल्या बोळात स्वतःचं दुकान केलं. कोणाच्या ओळखीनं नाही, बापाच्या पैशानं तर नाहीच. त्यामुळे चांगला माल मला लांबून दिसतो. एक गिऱ्हाईक बाळ घेऊन आलं, त्याच्या डोक्यावर क्रोशाचं टोपडं होतं. कानांवर दोन पाकळ्या उतरलेल्या, गळ्याशी बांधायचा बंद, पण हनुवटीला कुठे रुतत नव्हता. मी पत्ता घेतला आणि दुपारीच गेले. दार उघडं होतं. चप्पल काढतेय तोवर आतून आवाज आला.

"कोण पावणं? बाळ कुठाय?"

"बाळ न्हाय आणलं. माझं दुकान हाय."

"मग काय, दुकानाला टोपडं घालतीस व्हय?"

पहिल्याच दिवशी मला कोणी असं बोललं तर मी उलटी फिरते. पण समोर दोरीवर वाळत घातलेला स्वेटर होता, पिवळा, मुठीएवढ्या बाह्यांचा. मी बसले.

मी धाडलेल्या गिऱ्हाइकानं बाळ आणलं की आक्का आधी त्याला मांडीवर घेत. हात धुतलेले असायचेच. मग बराच वेळ नुसत्या बघत राहायच्या. बाळाची आजी म्हणायची गुलाबी करा, आत्या म्हणायची पांढरं करा, आणि आक्का कोणाचंच ऐकत नसत. लोकरीचा एक धागा बाळाच्या डोक्याभोवती अलगद फिरवून तोडायच्या. तो धागा म्हणजे माप. टेप त्यांच्याकडे नव्हती. "टेपनं आकडा कळतोय, डोस्कं न्हाय," असं म्हणायच्या. पुढे आठवड्याभरात टोपडं, मोजे आणि स्वेटर तयार. एखादा खांब, म्हणजे क्रोशाचा उभा टाका, चुकला आणि तो चार ओळींनंतर दिसला, तरी स्वतःलाच मोठ्यानं हुकूम द्यायच्या, "उसव!" आणि सगळं उसवायच्या. मी म्हणायचे, आक्का, हे कोणाला दिसणार आहे? त्या धागा ओढतच राहायच्या. धागा सर्रकन निघतोय आणि आपला माल डोळ्यांदेखत नाहीसा होतोय, हे बघणं काय असतं ते दुकानदारालाच कळेल.

प्रत्येक बाळाच्या लोकरीतून थोडी उरायची. त्या उरलेल्या लोकरीचा त्या एक चौकोन विणून पेटीत टाकायच्या. पुरेसे साठले की चौकोन एकमेकांना जोडून चादर करायच्या. अशा चादरी गल्लीत दोन-तीन घरांत होत्या आणि त्या चादरींना मागणी किती होती हे मला विचारा. पुण्याची एक बाई मोटार घेऊन माझ्या दुकानात आली होती, किती झाल्या तरी सगळ्या घेते म्हणाली. आक्का मात्र चादर पसरून मला दाखवायच्या, "ह्यो निळा बग, कोपऱ्यावरच्या पाटलाचा थोरला. आता शिरोलीत कामाला हाय, मिशा फुटल्यात. ही तांबडी, तिची आई दूध पाजताना रडायची बग, ती." मी म्हणायचे, ही केवढ्याला द्याल? आक्का चादरीची घडी घालायच्या. "माणसं इकत न्हाईत, सुमन."

मग मी शक्कल लढवली. त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. बाळ पाहिजे ना, मग बाळ देऊ. मी जाऊन सांगितलं की चंदगडला माझ्या चुलत भाचीला मुलगा झालाय. लांबचं गाव, ओलं अंग, एवढ्या लहान जिवाला एसटीनं कसं आणणार? आक्कांनी सुई थांबवली.

"चंदगड? तितं पावसात लोकर वाळायची न्हाय गं. जाड नको, पातळ इणते."

"इणा की."

"रंग कसा हाय पोराचा?"

मी काहीतरी सांगितलं, डोक्याचं मापही अंदाजानं दिलं. त्यांनी हिरव्या लोकरीचं टोपडं केलं, भाताच्या रोपासारखा हिरवा रंग. एवढं देखणं टोपडं मी पुन्हा पाहिलं नाही. दुकानाच्या काचेत मी ते मधोमध लावलं. आठ-पंधरा दिवसांनी आक्कांनी सहज विचारलं, "बारसं झालं? नाव काय ठिवलं?" मी म्हणाले, रोहन. आणखी काही दिवसांनी पुन्हा विचारलं, रोहन कसा हाय, तर मी म्हणाले, कोण रोहन?

झालं. आक्का हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "टोपडं झालंय. आता बाळ शोध."

"आक्का, ते काचेत लावलंय."

"काढ. बिनबाळाचं टोपडं असं टांगून ठिवू नये. शोध जा."

पुढे कधी काही विणून घ्यायचं तर ऐकणं भाग होतं. माझ्यासारखी बाई, भर उन्हात, हातात टोपडं घेऊन, कोणाच्या घरी नुकतं बाळ झालंय का विचारत गल्ल्या हिंडली. डोकं त्या मापाचं पाहिजे होतं ना! शेवटी दुधाच्या केंद्रावर काम करणाऱ्या एकीचं बाळ सापडलं. ते टोपडं त्याला असं बसलं की जणू धागा त्याच्याच डोक्यावरून फिरवला होता. मी ते तसंच देऊन आले. त्या बाईला वाटलं, मी फार मोठ्या मनाची आहे. मी रस्ताभर आक्कांना शिव्या देत होते.

लोकांना वाटायचं, आक्कांच्या या नियमामागे काही दुःख असणार. पहिलं बाळ गेलं असेल, त्याचे कपडे शिवून ठेवले असतील वगैरे. मलाही तसंच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ते कळलं असतं तर मी समजूत घालून त्यांना नियमातून बाहेर काढलं असतं. एकदा विचारलंच. आक्का म्हणाल्या, "माझा पोरगा चांगला धडधाकट पुण्याला हाय की. तसलं काय न्हाय. आधी टोपडं केलं की बाळाला त्यात मावायला लागतंय. आल्या आल्या जिवाला कशाला सांगायचं, असाच हो म्हणून?" आता याच्याशी भांडणार कसं? दुःख असतं तर मार्ग निघाला असता.

आता माझी खरी तक्रार. माझी मुलगी राणी. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. मी दिवसभर दुसऱ्यांच्या नातवंडांना झबली घालून बघणार आणि माझी स्वतःची पोर दुकानाची पायरी चढायची बंद झालेली. गिऱ्हाइकं विचारायची, "तुमच्याकडं काय गोड बातमी?" मी दुप्पट भाव सांगायचे. मग एकदाचे राणीला दिवस राहिले. सातव्या महिन्यानंतर ती माझ्याकडे आली, आणि त्याच सुमारास आक्कांच्या मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. आक्कांची बोटं आखडायला लागली होती. सुई धरली की अंगठा वळायचा नाही. राणीची तारीख त्यांच्या जाण्यानंतरची होती.

मी गेले. आक्कांच्या घरात सामान बांधलेलं होतं, पेटी तेवढी उघडी होती.

"आक्का, माझ्या नातवंडाला चौकोनांची चादर पाहिजे. आत्ता सुरू करा. तुम्ही म्हणाल तो भाव."

हे वाक्य मी जन्मात दुसऱ्या कोणाला म्हटलेलं नाही. आक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"भाव ठरवायला बाळ कुठाय?"

"येईल की! तुम्ही जाताय म्हणून म्हणते. तुमची बोटं आणखी किती दिवस चालणार हायत?"

"म्हणूनच. जी चालतील ती आलेल्या बाळासाठी."

"एकदा, फक्त माझ्यासाठी."

"सुमन, आज चादर करून दिली आणि उद्या काय इपरीत झालं, तर ती कुठं ठिवणार हाईस? काचंत?"

माझ्या डोक्यात रक्त चढलं. म्हटलं, शुभ बोला की, म्हातारपणी जिभेला हाड न्हाय का? एवढी वर्षं तुमच्या दारात चपला झिजवल्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या पोरांना तुमची लोकर आणि माझ्याच घरात काही नाही? आवाज रस्त्यापर्यंत गेला. आक्का खाली मान घालून पेटीतले चौकोन एकावर एक रचत राहिल्या. मी निघून आले. त्या पुण्याला गेल्या त्या दिवशी मी दुकान उघडून बसले, निरोप द्यायला गेले नाही.

राणीला मुलगी झाली. थोडी आधीच झाली, लहानखुरी, पण रडणं अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. माझ्यावर गेलीय म्हणाले सगळे. पाचवीच्या दिवशी आक्कांच्या शेजारची पार्वतीबाई बोचकं घेऊन दारात उभी. आत येईना. उंबऱ्यातच कान देऊन थांबली. आतून बाळ रडलं तशी तिनं बोचकं माझ्या हातात दिलं.

"आक्कानं ठिवलंतं माझ्याजवळ. बाळ रडल्यालं कानानं ऐकल्याबिगर द्यायचं न्हाय, म्हणलीती."

आत चौकोन होते. पेटीतले सगळे. निळा, तांबडा, पिवळा, सगळ्या आलेल्या बाळांचे, म्हणजे नियम कुठे मोडलेला नव्हता. त्यांत एक भाताच्या रोपासारखा हिरवा. माझ्या चंदगडच्या खोट्या बाळाचा चौकोनही म्हातारीनं विणून ठेवला होता! खाली पांढऱ्या लोकरीचा एक नवा गुंडा आणि त्यात खोचलेली सुई.

"आणि सांगितलंय," पार्वतीबाई म्हणाली, "कडंचं जोडून घे. मधला तुझ्या नातवंडाचा. त्यो तू इणायचा."

मी! माल विकणारी बाई मी, करणारी नव्हे. बटण शिवता येतं तेवढ्यावर चौकोन एकमेकांना जोडले, मध्ये जागा सोडून. पण तो मधला चौकोन काही केल्या चौकोन होत नाही. कधी गोल होतो, कधी वाटीसारखा वर उचलतो. राग येतो, सुई फेकते, पुन्हा उचलते. मग पुण्याला फोन लावून भांडते. म्हणते, तुम्हीच एवढा करून पाठवायचा होता. आक्का म्हणतात, माझी बोटं आता चमचा धरत न्हाईत, तू करतीस ते बरं हाय. मी सांगते, वाटी झालीय. तिकडून लगेच हुकूम येतो, "उसव!"

नात आता बसायला लागली आहे. काल मी चादर जमिनीवर पसरून मधली जागा मोजत होते, तेवढ्यात तिनं खालून डोकं घातलं आणि त्या मोकळ्या जागेतून वर काढलं. भोवती अख्खी गल्ली, मध्ये ही, आणि माझ्याकडे बघून हसतेय. राणीनं मला न विचारता आक्कांना फोन लावून सांगितलं. फोनच्या पलीकडून आक्कांचं हसणं मला खोलीभर ऐकू आलं.

"मग भरली की जागा! आता काय घाई हाय तुला?"

मला हे बिलकूल मान्य नाही. अर्धवट माल मी कोणाकडून घेतलेला नाही आणि घेणारही नाही. नातीला उचलून राणीकडे दिलं, सुईत लोकर अडकवली आणि पुन्हा पहिल्यापासून साखळी घालायला बसले.