हरभऱ्यातलं जाळं

आमच्या तांड्याची हद्द दर दिवाळीला बदलायची. तांडा धरणाच्या काठावर, उमरखेडच्या रस्त्यापासून बराच आत. पावसाळा सरला की धरणाचं पाणी हळूहळू उतरायचं आणि मागं काळीभोर ओली जमीन सोडून जायचं. त्या गाळात आम्ही हरभरा पेरायचो. पाण्यात पलीकडच्या गावातले भोई जाळी टाकायचे. जमीन आमची नव्हती आणि पाणी त्यांचं नव्हतं, दोन्ही सरकारचं. पण सरकार काही रोज काठावर येऊन बसत नाही, म्हणून जुन्या माणसांनी एक सोय करून ठेवली होती. दिवाळीच्या पाडव्याला माझा बा आणि भोयांमधला एक म्हातारा, दोघं मिळून पाण्याच्या कडेला बाभळीचा खुटा ठोकायचे. खुट्याच्या वर पेरा, खुट्याच्या खाली जाळं. त्या म्हाताऱ्याला मी मामा म्हणायची. खुटा ठोकून झाला की मामा बाला बिडी द्यायचा आणि वर्षाचं भांडण तिथंच मिटायचं.

या सगळ्यात एक गोष्ट धरून चाललेली होती. दिवाळीनंतर पाणी उतरतं, चढत नाही.

मी दहावीत गेले त्या वर्षी पाऊस आला, पेरणी करायला लावली आणि गायब झाला. तांड्यामागच्या आमच्या शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माना टाकायला लागली तेव्हा तांड्यातल्या माणसांनी धरणात मोटारी टाकल्या. पाणी इतकं खाली गेलं की भोयांनी सोडलेलं माशांचं बी उथळ पाण्यात तापून मेलं. मामाचा मुलगा तांड्यावर येऊन बाला सांगून गेला, "तुमची पऱ्हाटी जगवाले आमचे मासे मारून राह्यले तुम्ही." ते खरंच होतं. एवढं करून जगवलेल्या पऱ्हाटीला बोंडं धरली, तर प्रत्येक बोंडात अळी. गुबगुबीत, गुलाबी. त्या वर्षी आमच्या शेतात तेवढ्या एका जिवाचं बरं चाललं होतं.

पाणी उतरल्यामुळं पाडव्याला खुटा फार खाली गेला. एवढी जमीन उघडी पडलेली मी कधीच पाहिली नव्हती. बानं अगदी खुट्यापर्यंत हरभरा पेरला. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला तेव्हाच सांगून टाकलं की हरभरा झाला तर तू परीक्षेला बसशील, नाही झाला तर आमच्यासोबत ऊसतोडीला येशील. तिनं हे रागानं सांगितलं नाही, भाजी निवडता निवडता सांगितलं. मला मात्र भयंकर राग आला. वर्गात माझा पहिला नंबर होता आणि त्याचा मला गर्वही होता. तेव्हापासून मी एसटी पकडण्याआधी रोज काठावर जाऊन हरभरा बघायची. इतकं मन लावून मी कुठलं पुस्तकही वाचलं नसेल.

हरभऱ्याचे घाटे भरायला लागले आणि ऐन पौषात पाऊस सुरू झाला. असा तसा नाही. वरचे नाले गरजत धरणात उतरले. सकाळी आम्ही काठावर गेलो तर खुटा दिसेना. हरभऱ्याचे नुसते शेंडे पाण्यावर होते. बा वाकून वाकून पाणी बघत होता आणि म्हणत होता, लवकर उतरलं तर निम्मा तरी वाचेल.

तेवढ्यात भोई आले. नव्या पाण्याला मासा काठाकडं येतो, हे आमच्या तांड्यातल्या पोरांनाही माहीत होतं. मामाच्या मुलानं खांद्यावरचं जाळं उतरवलं आणि तो सरळ हरभऱ्यात शिरला.

"पाण्यात टाक ना जाळं," बा म्हणाला. "माह्या हरभऱ्यात काहून टाकून राह्यला?"

"मले तं पाणीच दिसून राह्यलं. हरभरा कुठं हाये?"

जाळं ओढलं की मुळासकट रोपं येणार होती. बानं जाळ्याचं एक टोक धरलं, मामाच्या मुलानं दुसरं. तांड्यातली माणसं काठ्या घेऊन धावत आली, तिकडून भोई बांबू घेऊन पुढं सरले. कोण कुणाला काय म्हणतंय ते कळेना. मी काठावर उभी होते. तेवढ्यात याडी विळा घेऊन पाण्यात उतरली आणि तिनं जाळं उभं कापलं.

भोयांच्या घरात जाळ्याला पायसुद्धा लावत नाहीत. मामाच्या मुलानं बांबू उचलला. याडी हलली नाही. "माह्या पोरीची परीक्षा हाये या हरभऱ्यावर," ती म्हणाली. "मार."

मला तेव्हा वाटलं, तो मारणार. आणि मनात असंही आलं की कशाला काढला हिनं माझा विषय.

तेवढ्यात मागून मामा पाण्यात उतरला. धोतर वर खोचून, पायानं चाचपत चाचपत तो पुढं गेला. कमरेइतक्या पाण्यात थांबला. "खुटा इथं हाये. म्याच ठोकला. याच्या वरतं त्याहिचं हाये."

"पाणी चढलं तं खुटाही चढाले पाहिजे," मुलगा म्हणाला. "अन् मोटारी टाकल्या तवा कुठं गेलता तुह्या खुटा?"

शेवटी मामा बाच्याकडं बघून म्हणाला, "उद्यापर्यंत थांबतो आमी. उतरलं तं तुह्यं. नाही उतरलं तं जाळं टाकू दे." बानं मान हलवली. बांबू खाली आला.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं नव्हतं. शेंडे पिवळे पडून लोळले होते. बानं एक रोप उपटलं, मूळ बोटांत चुरडलं, वास घेतला आणि टाकून दिलं. मग त्यानं स्वतःच पलीकडं हाक मारली, "टाका."

भोयांनी दुसरं जाळं आणलं. ते ओढायला बा त्यांच्याबरोबर लागला. जाळं जड येत होतं, म्हणून दोन्हीकडची माणसं जोर लावत होती. वर आला तो हरभराच, कुजका, ढिगानं. मासे टोपलीच्या बुडाला पुरतील एवढेच निघाले. बी उन्हाळ्यासारख्या पावसाळ्यातच मेलं होतं, मासा येणार कुठून? दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्या भांडणात तिसरं होतं ते आभाळ, आणि त्याला कशाचीच गरज नव्हती.

उसाच्या फडात माणसं कमी पडली म्हणून मुकादमाचा ट्रक उशिरा पुन्हा आला. आमचं सामान चढलं. पुढं भोयांच्या गावाजवळ ट्रक थांबला आणि मामाचा मुलगा आणि त्याची बायको वर आले. त्यांची भांडी कापलेल्या जाळ्यात बांधलेली होती. याडीनं ते ओळखलं. तिनं पाय जवळ ओढून घेतले आणि त्या बाईला बसायला जागा केली.

दहावीचा पहिला पेपर होता त्या सकाळी मामाचा मुलगा पुढं ऊस तोडत होता आणि मी त्याच्या मागं मोळ्या बांधत होते. थोड्या वेळानं तो थांबला. मागं न बघता म्हणाला, "आज व्हती ना तुही परीक्षा?"

मी हो म्हटलं आणि मोळी आवळली.