बंधाऱ्यातला मासा

चार वर्षं मी हे कुणापाशीही बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते हलकं व्हावं तरी का?

मी विज्ञानाचा मास्तर. तापीकाठच्या आमच्या गावाला लागून एक नाला आहे आणि त्यावर बंधारा. यमुनाबाई भोई त्याच बंधाऱ्यातले मासे घरोघर विकतात. दर रविवारी त्या आमच्याकडे यायच्या आणि टोपलीतला चांगला मासा माझ्यासाठी बाजूला ठेवलेला असायचा.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला माझ्या थोरल्या भावाची शेड आहे. विसरवाडीच्या हायवेवरून ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या येतात. शेडमध्ये त्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं. धुण्याचं पाणी नाल्यात सोडायचं. वडील गेल्यावर मला शिकवलं ते याच भावानं — पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. असं घडलं, एवढंच.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी मी बंधाऱ्यातले मासे सुरतेच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले. अहवाल आला. माशांत शिसं होतं, आणि ते खाण्यालायक मर्यादेच्या कितीतरी वर. शिशाला वास नसतो, चव नसते, शिजवून ते जात नाही. पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, त्याच्या मेंदूवर बसतं. हे मला वाचावं लागलं नाही. मी ते वर्गात शिकवतो.

अहवाल मी कपाटात कपड्यांखाली ठेवला. मुलांना सांगितलं, नमुने खराब झाले. आणि घरी — घरी सांगितलं की डॉक्टरांनी सगळ्यांना मासे बंद करायला सांगितलेत, अंगाला सोसत नाहीत. यमुनाबाईंनाही तेच सांगितलं. म्हणजे माझी दोन पोरं मी त्याच दिवशी वाचवली.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणायचं?

महिन्याभरानं यमुनाबाई ओट्यावर येऊन बसल्या. मुलगी माहेरी आली होती, सातवा महिना होता.

"मास्तर, मन्ही पोर बाळंतपणले येल शे. तिले मासा देवाले चालई ना?"

त्यांनी मला का विचारलं? मी शिकलेला, म्हणून. एक शब्द पुरला असता. कारण सांगायचीही गरज नव्हती — नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं.

मी म्हणालो, "चालई. द्या. ताकद येते."

नाही म्हटलं तर त्या 'काब्र?' म्हणून विचारतील, आणि तो 'का' भावाच्या शेडपर्यंत जाईल, अशी भीती वाटली. बोलताना माझा आवाज जराही अडखळला नाही. तेच मला आठवत राहतं.

तिला मुलगी झाली. आता ती चौथ्या वर्षात आहे आणि चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. हाक मारली तर उशिरा बघते. हे शिशामुळेच का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण 'सांगता येत नाही' याच्या आड मी फार दिवस बसलो.

गेल्या आठवड्यात अहवाल घेऊन यमुनाबाईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. हात थांबले.

"म्हणजे तुमना घर मासा तवय येनाकरताच बंद व्हयना व्हता?"

"हो."

"मंग मन्ही पोरले काब्र खावाडा?"

  त्यांनी टोपलीतले मासे उकिरड्यात नेऊन पुरले आणि दार लावून घेतलं.

नातीचं रक्त तपासायला त्या नंदुरबारला गेल्या — माझ्याबरोबर नाही, मुलीबरोबर. अहवाल यायचा आहे. भावाला मी तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तू आपल्या घरचा राहिला नाहीस." कलेक्टर कचेरीत तक्रार दिली, तीत शेड कुणाची ते लिहिलं, आणि मला हे कधीपासून माहीत होतं तेही.

सोमवारी ग्रामसभा आहे. भाऊ समोर असेल, भोईवाड्यातल्या बायका असतील. मी माशांचा अहवाल मोठ्यानं वाचणार आहे, आणि त्याआधी सांगणार आहे की एका गरोदर मुलीला हा मासा द्या म्हणून मी सांगितलं होतं — माहीत असताना.